अपघातानंतर मंदावलेल्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवावा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माझी समजूत बरोबर आहे ना, हे आधी पाहते. भावाचं वय ३४. चार वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला, तीन आठवडे तो बेशुद्ध होता. आज चालतो, बोलतो, स्वतःचं स्वतः करतो. पण तासाभराच्या कामाने गळून जातो. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळला की पहिलं डोक्यातून जातं. चार माणसं एकदम बोलू लागली की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, सुधारायचं ते पहिल्या वर्षात सुधारलं. आणि आता तुम्ही वाचलंत की मेंदूच्या आत तार बसवून अशा माणसांमध्ये फरक पडलाय. हे खरं का, चार वर्षांनी उशीर झालाय का, आणि भावाला आताच सांगावं की आशा लावू नये म्हणून गप्प राहावं, असे तुमचे तीन प्रश्न.

मी मेंदूची इजा आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, यावर काम करते. डीबीएस म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड, म्हणजे बारीक तार, बसवून तिथे सौम्य वीज देत राहणं; तुम्ही वाचलेली तार तीच. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्याचे स्कॅनही पाहिलेले नाहीत. त्यामुळे त्याच्याबद्दल ‘हो’ किंवा ‘नाही’ मी इथे लिहू शकत नाही. पण हा निर्णय कसा करायचा, आम्ही कशावरून कुणाला निवडतो आणि कुणाला परत पाठवतो, ते सविस्तर सांगता येईल.

डीबीएस मेंदू दुरुस्त करत नाही, इथून सुरुवात करू. तुटलेला तंतू त्याने जोडला जात नाही, मेलेली पेशी परत येत नाही. घरात विजेचा दाब कमी असला की पंखा मंद फिरतो, ट्यूब नुसती फडफडते. पंखाही शाबूत असतो आणि ट्यूबही. अशा घरात दाब वाढवला तर उपयोग होतो. पण वायरच मधे कापलेली असेल तर दाब कितीही वाढवा, तो दिवा लागणार नाही. भावाच्या बाबतीत सगळं यावर ठरतं: त्याच्या अडचणीतला किती भाग कापलेल्या वायरचा आहे आणि किती कमी दाबाचा.

वेगात असलेलं डोकं एकदम थांबतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत गचका खातो आणि फिरतो. त्याचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या गतीने हलतात, आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. ही इजा विखुरलेली असते. म्हणून कित्येकदा सीटी स्कॅन जवळजवळ स्वच्छ दिसतो आणि माणूस मात्र पूर्वीचा राहिलेला नसतो. नातेवाईक सांगतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हा असा का वागतो?’ त्या रिपोर्टमुळे किती घरांत रुग्णाला आळशी ठरवलं गेलंय, हे मी पाहिलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं.

या विखुरलेल्या इजेचा सर्वात जास्त फटका मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसला, त्यातही त्याच्या मध्यवर्ती भागाला बसतो. या भागातल्या पेशींचे धागे कपाळामागच्या भागापासून खूप लांबवर पसरलेले असतात. इजा कुठेही झाली तरी यांचे काही ना काही धागे तुटतातच. आणि नेमक्या याच पेशी मेंदूला तरतरी पुरवतात. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी गुंगीतल्या मांजरांच्या मेंदूच्या देठात विजेचे सौम्य झटके दिले, तेव्हा झोपेच्या लाटा जाऊन जागेपणाच्या लाटा आल्या. जागेपणा ही मेंदूत सतत कुणीतरी पुरवत राहण्याची गोष्ट आहे, हे तेव्हा स्पष्ट झालं. मधला थॅलॅमस त्या पुरवठ्याचं वरचं ठाणं आहे.

पुढचा दुवा अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट निकोलस शिफ यांनी मांडला. कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या आतलं स्ट्रायटम नावाचं केंद्र यांना भरपूर पुरवठा लागतो. तो कमी पडला की स्ट्रायटम गप्प होतो. स्ट्रायटमचं एक काम म्हणजे पॅलिडम नावाच्या केंद्राला आवरून धरणं. ते आवरणं सुटलं की पॅलिडम थॅलॅमसवर ब्रेक दाबून बसतो. म्हणजे आधीच कमी झालेला पुरवठा आणखी दाबला जातो. तुम्ही लिहिलंय की तो ‘सकाळी बरा असतो, दुपारी बंद पडतो’. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हेच चक्र आलं. त्यात बाहेरून जोर लावायचा, इतकाच या इलेक्ट्रोडमागचा विचार.

आता तुम्ही वाचलेल्या संशोधनाकडे येते. दोन वेगळी कामं एकत्र सांगितली जातात, आणि त्यातून गोंधळ होतो.

पहिलं २००७ चं. ३८ वर्षांचा एक माणूस, मारहाणीत डोक्याला इजा, सहा वर्षं किमान जाणिवेच्या अवस्थेत. म्हणजे शुद्ध पूर्ण गेलेली नाही, पण प्रतिसाद अगदी तुटक, भरवशाचा नाही. शिफ, जोसेफ जियासिनो आणि अली रेझाई यांच्या गटाने त्याच्या थॅलॅमसच्या मध्यवर्ती भागात दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बसवले. मग यंत्र आळीपाळीने चालू आणि बंद ठेवून, तपासणाऱ्यांनाही न सांगता, फरक मोजला. यंत्र चालू असताना तो वस्तूंची नावं सांगू लागला, हातापायांवर ताबा वाढला, तोंडाने खाऊ लागला. इजेला सहा वर्षं होऊन गेल्यावर. त्या एका रुग्णाने आमच्या क्षेत्रातली ‘जे व्हायचं ते झालं’ ही समजूत हलवली. पण तुमचा भाऊ त्या अवस्थेत नाही, म्हणून ती गोष्ट त्याला लागू करू नका.

त्याच्याशी जुळणारं काम २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात शिफ यांच्याबरोबर स्टॅनफर्डचे मेंदूशल्यविशारद जेमी हेंडरसन होते. मध्यम ते गंभीर इजा झालेली, पण शुद्धीवर येऊन घरी गेलेली, बोलती-चालती सहा माणसं. इजेला ३ ते १८ वर्षं झालेली. तक्रारी तुमच्या भावासारख्याच: लक्ष टिकत नाही, डोकं थकतं, पूर्वीचं काम जमत नाही. प्रत्येकाच्या मेंदूचं संगणकावर स्वतंत्र प्रारूप करून इलेक्ट्रोड कुठे ठेवायचा ते ठरवलं. ठिकाण म्हणजे थॅलॅमसचं सेंट्रल लॅटरल केंद्र आणि त्याच्याशी निगडित तंतूंची जुडी. सहापैकी एकाला अभ्यासाचे नियम पाळता न आल्याने मधेच वगळावं लागलं. उरलेल्या पाच जणांनी यंत्र दिवसाला १२ तास चालू ठेवून ९० दिवस काढले.

मोजमापासाठी विखुरलेले आकडे आणि अक्षरं आळीपाळीने रेघेने जोडायची एक वेळ लावलेली चाचणी होती. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण दोन गोष्टी डोक्यात धरून त्यांच्यात अदलाबदल करत राहणं हे नेमकं तेच आहे जे तुमच्या भावाला जमत नाही. पाचही जणांचा वेग वाढला, १५ ते ५२ टक्क्यांपर्यंत, सरासरी ३२ टक्के. यश मानायला आधी ठरवलेला उंबरठा १० टक्क्यांचा होता.

मी या निकालाने मनापासून आनंदले होते, आजही आहे. तरी याला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं हे तुम्हाला कळायला हवं. माणसं पाच. यंत्र चालू आहे हे मुख्य टप्प्यात सगळ्यांना माहीत होतं. मेंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला बरं वाटण्याची ओढ किती असते, आणि घरच्यांना ते दिसण्याची किती असते, याची कल्पना करा. चाचणी पुन्हा दिली की थोडी सवयही होते. याची तपासणी करायला शेवटी एक टप्पा होता, ज्यात काहींचं यंत्र त्यांच्या नकळत बंद करायचं होतं. दोघांनी त्यात भाग घ्यायलाच नकार दिला, यंत्र बंद होण्याचा धोका त्यांना नको होता. उरलेल्या तिघांपैकी चिठ्ठीने एकाचं बंद केलं, आणि तीन आठवड्यांनी त्याचा वेग ३४ टक्क्यांनी मंदावला. एकाच माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण त्या दोघांचा नकार मला आकड्यांइतकाच बोलका वाटतो.

तर इथवरचं एकत्र सांगते. शक्यता खरी आहे. चार वर्षं हा उशीर नाही; उलट अशा अभ्यासात आम्ही ताज्या इजेच्या रुग्णांना घेतच नाही, कारण पहिल्या काळात मेंदू आपला आपण सुधारत असतो. पण हा उपचार अजून रोजच्या वैद्यकात आलेला नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे बेनाबिद आणि पोलाक या डॉक्टरांनी सुरू केलेलं डीबीएस कंपवातासाठी आज रुळलेलं आहे. त्याचं यश दाखवून कुणी ‘इजेसाठीही तेच करू’ म्हणत असेल तर सावध व्हा. यंत्र तेच असलं तरी कंपवातात आपण एक बिघडलेली लय मोडतो, आणि इथे खचलेल्या पुरवठ्याला जोर देतो. ठिकाण वेगळं, लावायची पद्धत वेगळी. इजेसाठी हे फक्त संशोधनाच्या चौकटीत, नैतिकता समितीच्या देखरेखीखाली व्हायला हवं. पैसे घेऊन नेहमीचा उपचार म्हणून कुणी देऊ करत असेल तर तिथून उठून या.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. माझ्याकडे ‘डीबीएससाठी योग्य आहे का पाहा’ म्हणून जे पाठवले जातात, त्यांच्यातल्या अनेकांमध्ये थकव्याचं आणि मंदपणाचं दुसरं, बरं होण्यासारखं कारण सापडतं. एक तरुण मुलगी आली होती. इजेनंतर तिला फिट आल्या होत्या, तेव्हा सुरू झालेलं गुंगी आणणारं औषध, त्यावर चिडचिडीसाठी दिलेलं दुसरं, झोपेसाठी तिसरं. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे चालू होती, कुणी उलटून पाहिली नव्हती. ती माझ्यासमोर बसून वाक्य अर्धवट सोडायची. फिटचं औषध बदललं, बाकीची हळूहळू कमी केली. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा स्वतःची फाईल स्वतः उघडून मला तारखा सांगत होती. तिच्या डोक्यात आम्ही छिद्र पाडलं असतं तर सुधारणेचं श्रेय इलेक्ट्रोडला गेलं असतं.

म्हणून भावाचं हे तपासून घ्या. सगळ्यात आधी औषधं: एकूण एक औषधाचं नाव लिहा आणि हे आज का चालू आहे, असं न्यूरॉलॉजिस्टना विचारा. स्वतः एकही बंद करू नका, फिटचं औषध अचानक थांबवलं तर जीवावर बेतू शकतं. मग झोप. इजेनंतर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पुष्कळांना असतो. तो घोरत असेल, सकाळी डोकं जड असेल तर रात्रभराची झोपेची तपासणी करा. पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी लोंबकळते, तिला इजेत धक्का बसतो आणि हार्मोन कमी पडतात. थायरॉईड, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन यांची तपासणी कित्येकांची कधी झालेलीच नसते. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणं, बाहेरून न दिसणाऱ्या बारीक फिट आणि नैराश्य, या तिन्हींचा चेहरा अगदी ‘थकलेल्या मेंदूसारखा’ असतो. नैराश्याचं नाव काढलं की घरचे दुखावतात. दुखावू नका. नोकरी गेलेल्या ३४ वर्षांच्या माणसाला ते नसेल तर मला आश्चर्य वाटेल, आणि त्यावर उपचार आहेत.

यानंतर पुनर्वसन. चार वर्षांपूर्वी फिजिओथेरपी झाली असेल, पण लक्ष आणि नियोजन यांच्यासाठीचं प्रशिक्षण झालं का? काम तुकड्यांत करणं, थकण्याच्या आधी थांबणं, सगळं लिहून चालणं हे शिकवावं लागतं. त्याच पुरवठ्याच्या चक्रावर काम करतं असं मानलं जाणारं अमँटाडीन हे औषधही आहे. २०१२ च्या १८४ रुग्णांच्या अभ्यासात, इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांच्या, जाणीव अजून नीट परतलेली नसलेल्या रुग्णांची सुधारणा त्याने वेगाने झाली होती. भावाची अवस्था वेगळी आहे, त्यामुळे तोच निकाल त्याला लावता येत नाही, पण डॉक्टरांशी बोलण्यासारखा विषय नक्की आहे.

हे सगळं करूनही अडचण तशीच राहिली, तर मात्र इलेक्ट्रोडचा विचार रास्त आहे. तेव्हा आम्ही पाहतो ते असं. इजा अपघाताची आहे ना? हृदय बंद पडून प्राणवायू न मिळाल्याने झालेल्या इजेत थॅलॅमसच्या पेशीच मोठ्या प्रमाणात मरतात, तिथे दाब वाढवायला काही उरत नाही. एमआरआयमध्ये थॅलॅमस आणि कपाळामागचा भाग पुरेसा शाबूत आहे का? आणि तिसरं, मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटणारं: त्याची कामगिरी वर-खाली होते का? कधीतरी तासभर जुना माणूस दिसतो का? दिसत असेल तर यंत्रणा आत आहे, चालवणारा जोर कमी पडतोय. जो कायम सारखाच मंद आहे त्याच्याबद्दल मी कमी आशावादी असते. तुमचा ‘सकाळी बरा असतो’ हा उल्लेख म्हणूनच मी दोनदा वाचला.

धोकेही स्पष्ट सांगते. इलेक्ट्रोड घालताना मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता साधारण १ ते २ टक्के असते. संसर्ग त्याहून जास्त वेळा होतो, आणि झाला तर कित्येकदा सगळं काढावं लागतं. इजा झालेला मेंदू आकसलेला, एका बाजूला सरकलेला असू शकतो. लक्ष्य काही मिलिमीटरचं असतं आणि शेजारीच स्पर्शाची आणि हालचालीची वाट जाते. प्रवाह तिकडे पसरला की मुंग्या येतात, स्नायू ओढले जातात. म्हणून बसवल्यावर जुळवणीला वेळ लागतो. बॅटरी छातीच्या कातडीखाली असते. साधी असेल तर काही वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे पुन्हा छोटी शस्त्रक्रिया. पुढे कुठलाही एमआरआय करताना यंत्राची विचारणा करावी लागते, आणि डायथर्मीचा, म्हणजे यंत्राने खोलवर दिला जाणारा, शेक तर कधीच घ्यायचा नाही.

संशोधनात सहभागी होत असाल तर एक प्रश्न सही करण्याआधी विचाराच: अभ्यास संपल्यावर यंत्राची देखभाल कोण करणार, बॅटरी कोण बदलणार? ज्याच्या डोक्यातल्या यंत्राने त्याला पुस्तक वाचता येऊ लागलं, त्याला तीन वर्षांनी ‘निधी संपला’ असं सांगणं मला अमानुष वाटतं. याचं उत्तर लेखी मिळत नसेल तर थांबा.

आता भावाला सांगण्याबद्दल. तुम्ही त्याला जपताय, हे कळतं. पण मेंदू त्याचा आहे. तो बोलतो, समजतो, संमती देऊ शकतो. त्याच्याशिवाय हा विषय पुढे नेताच येणार नाही, आणि नेऊही नये. आम्ही पहिल्या भेटीत रुग्णाला एकटं बसवून विचारतो की तुला काय परत हवंय. घरचे बहुतेक वेळा ‘नोकरी’ म्हणतात. रुग्ण फार वेगळी उत्तरं देतात. एकाला मुलीला झोपताना गोष्ट सांगता यायला हवी होती, मधेच धागा न तुटता. उपचार कोणताही असो, तो उपयोगी पडला का हे आम्ही त्या उत्तरावर मोजतो.

त्यामुळे तो ताजातवाना असेल अशा एखाद्या सकाळी, टीव्ही बंद करून, फक्त तुम्ही दोघं बसा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, लांबवू नका. थकव्याची कारणं नव्याने तपासायची आहेत, एवढं पहिल्या दिवशी पुरे. त्याला काय परत हवंय ते विचारा, आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. सोबत दोन आठवड्यांची एक वही करा: रोज कधी तरतरी होती, कधी गेली, त्याआधी काय खाल्लं, किती झोप झाली, कोणतं औषध कधी घेतलं. वही त्यानेच लिहावी, जमेल तेवढी. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना औषधांची यादी, जुने स्कॅन आणि ही वही घेऊन जा. तिथे तपासण्यांमधून काय निघतं ते इथे लिहिलंत तर मी नक्की वाचेन.